तोंडावरचे मुरूम

कुर्डुवाडी हे मोठे जंक्शन आहे. मुंबईहून सोलापूरला जाणाऱ्या गाड्या इथे थांबतात. इथून एक रूळ पंढरपूरकडे जातो, एक बार्शीकडे जातो. सकाळी स्टेशनात आणि एस.टी. स्टँडवर गर्दी असते. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची पोरे-पोरी शिकायला येतात. दप्तर पाठीला, डबा हातात.

त्यातलीच ही एक पोरगी. घरात तिला आक्का म्हणतात. वय १९. बारावी झाली, आता कॉलेजात जाते. घराण्यात कॉलेजात गेलेली ती पहिलीच मुलगी.

एक दिवस आक्का घरीच बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. असे आठ दिवस झाले.

आईने विचारले, "अगं, कालेज बंद हाय का?"

"न्हाई."

"मग फी ऱ्हायलीय का?"

"न्हाई."

"मग जात का न्हाईस?"

आक्काने ओढणीने तोंड झाकले. म्हणाली, "पोरं हसत्यात. म्हणत्यात, हिच्या गालावर मुरूम टाकलाय, आता रोलर तेवढा फिरवायचा ऱ्हायलाय."

आई गप्प झाली. पोरीला ताप नव्हता. घरात पैशाची अडचण नव्हती. तोंडावर चार पुटकुळ्या आल्या, आणि तेवढ्यापायी पोरीचे शिक्षण थांबायला आले.

रस्त्यावर टाकतात तो मुरूम निराळा, तोंडावर येतो तो निराळा. शब्द एक, वस्तू दोन. या पाठात आपण तोंडावरच्या मुरुमांची माहिती घेऊ.

कोनाड्यातली ट्यूब

आक्काची आई हल्लीच वाचायला शिकली होती. पाटी दिसली की ती वाचायची. पुडीचा कागदसुद्धा वाचायची. एके दिवशी तिला कोनाड्यात मलमाची ट्यूब सापडली. तिच्यावरची अक्षरे इंग्रजी होती. ती काही आईला येत नव्हती. पण डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक तांबडी रेघ होती. ती मात्र तिने ओळखली. साक्षरता वर्गात बाईंनी सांगितले होते, "औषधावर अशी उभी तांबडी रेघ असली, तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही."

आईने विचारले, "ही कुनी दिली गं तुला?"

"शेजारच्या वैनींनी सांगितली. दुकानातनं आणली."

"चिठ्ठी कुनाची?"

"चिठ्ठी कुनी मागितलीच न्हाई."

"गुण आला का?"

आक्का म्हणाली, "पयल्या चार दिवसांत तोंड लई गोरं आन गुळगुळीत झालं. मग रोजच लावाय लागले. आता एक दिवस लावली न्हाई, की तोंडाची आग होती. लाल भडक होतं. मुरमं तर दुप्पट झाली."

आईने ट्यूब पदरात बांधली. दुसऱ्या दिवशी मायलेकी कुर्डुवाडीला सरकारी दवाखान्यात गेल्या.

मुरूम म्हणजे काय?

डॉक्टरीणबाईंनी आक्काचे तोंड नीट पाहिले. ट्यूब वाचली. मग म्हणाल्या, "मावशी, बसा. पोरी, तूही ऐक. आधी मुरूम कसा होतो ते समजून घ्या."

आपल्या कातडीला बारीक बारीक भोके असतात. त्यांतून केस वर येतात. काही केस इतके बारीक असतात, की दिसत नाहीत. केसाच्या मुळाशी तेलाची एक लहानशी पिशवी असते. या पिशवीतले तेल भोकातून वर येते आणि कातडी मऊ राखते. कपाळ, गाल, नाक, छाती आणि पाठ इथे या पिशव्या जास्त आणि मोठ्या असतात. म्हणून मुरूम तिथेच जास्त येतात. तळहाताला आणि तळपायाला या पिशव्या नसतात. तिथे मुरूम कधी येत नाही.

मुलगा वयात आला की त्याला मिसरूड फुटते. मुलगी वयात आली की तिला पाळी येते. शरीरातले काही रस वाढतात, म्हणून हे होते. त्यांना संप्रेरके म्हणतात. यांतल्याच काही रसांमुळे तेलाच्या पिशव्या मोठ्या होतात. तेल जास्त सुटते. त्याच वेळी भोकाच्या तोंडाशी कातडीचा मेलेला कोंडा साचतो. तेल आणि कोंडा यांचा बोळा बसतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, उसाच्या दंडात गाळ बसला तर काय होतं?"

आई म्हणाली, "पानी तुंबतं. बांध फुगतो. ध्यान दिलं न्हाई तर फुटतो."

"तसंच हे. भोकाला बोळा बसला, की आत तेल तुंबतं. कातडीवर जंतू सगळ्यांच्याच असतात, तुमच्या आणि माझ्यासुद्धा. तुंबलेल्या तेलात ते वाढतात. मग तिथं सूज येते, लाल होतं, पू होतो. हाच मुरूम."

कधी बोळ्याचे तोंड उघडे असते. मग तिथे काळा ठिपका दिसतो. लोक त्याला घाण समजून घासतात. पण ती घाण नव्हे. कातडीचा रंग आणि तेल यांना हवा लागते, म्हणून तो ठिपका काळा दिसतो. घासून तो जात नाही. कातडी मात्र सोलते.

लोक काय म्हणतात? खरे काय?

आजीचे म्हणणे होते, "अंगात उष्णता हाय. लगीन झालं की जातंय."

डॉक्टरीणबाईंनी एकेका समजुतीचे उत्तर दिले.

मुरूम वाईट विचारांमुळे येत नाही. ते पाप नव्हे, शाप नव्हे. वयात येताना बहुतेक पोरापोरींना तो थोडाफार होतोच. आईला किंवा बापाला फार झाला असेल, तर मुलांनाही फार होण्याचा संभव असतो.

लग्नाने मुरूम जात नाही. वय वाढले, की बहुतेकांचा आपोआप कमी होतो. काही बायकांना तो तिशी-चाळिशीपर्यंतही राहतो.

मुरूम एकाचा दुसऱ्याला लागत नाही. शेजारी बसल्याने होत नाही.

मुरूम आला म्हणजे माणूस घाणेरडा, असेही नाही. दहा वेळा तोंड धुणाऱ्यालाही तो येतो.

खाण्याचे काय? फार गोड खाल्ल्याने काहींचे मुरूम वाढतात. काहींचे दुधानेही वाढतात. पण सगळ्यांचे तसे नसते. एखादा पदार्थ खाल्ला की दर वेळी मुरूम वाढतात, असे ध्यानात आले, तर तो कमी करावा. उगाच उपाशी राहू नये. भाजी-भाकरी सोडू नये.

आक्काचा मामा मोटारीच्या ग्यारेजात काम करतो. त्याच्या हातांवर आणि मांड्यांवर अशाच पुटकुळ्या येतात. त्याचे कारण निराळे. ग्रीस आणि ऑइल कातडीला लागून राहते, तेलाने भिजलेली पँट अंगाला घासते, आणि भोके बुजतात. अशा माणसाने कामावरून आल्यावर साबणाने हातपाय धुवावेत. तेलकट कपडे रोज बदलावेत. ऑइलचे फडके खिशात ठेवू नये.

त्या ट्यूबमध्ये काय होते?

आईने विचारले, "बाई, मग ह्या ट्यूबीत असं काय हाय, की चार दिवसांत गुण आला?"

"यात स्टिरॉइड आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे औषध वाईट नाही. खरूज नव्हे, पण खाज सुटणारे काही चट्टे असतात, त्यांना आम्ही ते देतो. किती दिवस लावायचं, कुठं लावायचं, ते मोजून देतो. पण मुरुमाचं हे औषध नव्हे. ते सूज दाबतं, म्हणून पहिले काही दिवस तोंड छान दिसतं. आत रोग तसाच राहतो. महिनोन् महिने लावलं, की कातडी पातळ होते. लाल शिरा दिसतात. मुलींच्या तोंडावर लव वाढते. उन्हात आग होते. मुरूम आणखी येतात. आणि लावायचं सोडलं की तोंड पेटतं. म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. दारूसारखी ओढ लागते कातडीला."

असे नुकसान झालेले चेहरे आपल्या देशातल्या कातडीच्या डॉक्टरांनी पुष्कळ पाहिले. त्यांनी सरकारकडे तक्रार केली. २०१८ साली केंद्र सरकारने नियम केला. अंगाला लावायची कितीतरी स्टिरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असे ठरले. नियम झाला, तरी ट्यूब हातोहात फिरते. वहिनी नणंदेला देते, मैत्रीण मैत्रिणीला देते. म्हणून आपणच सावध राहिले पाहिजे.

ट्यूब घेताना दुकानदाराला सरळ विचारा, "यात स्टिरॉइड आहे का?" घरात इंग्रजी वाचणारे मूल असेल, तर त्याच्याकडून नाव वाचून घ्या. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही स्टिरॉइडची नावे आहेत. यांतले एखादे नाव दिसले, तर डॉक्टरने सांगितल्याशिवाय ते तोंडाला लावू नका.

आणि कुणी आधीच पुष्कळ दिवस लावले असेल, तर लाजू नका, लपवू नका. डॉक्टरला ट्यूब दाखवा. सोडताना काही दिवस त्रास होतो. तो कमी करण्याचे उपाय डॉक्टर सांगतात.

बिननावाची डबी

तांबडी रेघ असलेल्या ट्यूबवर निदान नाव तरी असते. काही डब्यांवर नाव नसते, गाव नसते, तारीख नसते. "आठ दिवसांत गोरे व्हा, डाग घालवा" एवढेच सांगून ती विकली जाते. ही डबी त्याहून वाईट.

२०२३ साली आपल्या महाराष्ट्रातल्या अकोल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. एकाच घरातल्या तिघीजणी, आई आणि दोन मुली, एकच क्रीम तोंडाला लावत होत्या. तिघींच्याही मूत्रपिंडांना विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कारण शोधले. क्रीम तपासली. तिच्यात पारा निघाला.

पारा कातडीचा रंग दाबतो, म्हणून तोंड उजळ दिसते. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंड बिघडवतो. लावले तोंडाला, आणि दुखणे गेले पोटात. म्हणून ज्या डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता नाही, आत काय घातले ते लिहिलेले नाही, आणि मुदतीची तारीख नाही, ती घरात आणू नका. तारीख तर आकड्यांत असते. ती आता तुम्हांला वाचता येते.

घरी काय करावे?

सकाळी आणि संध्याकाळी, दिवसातून दोन वेळा, साध्या सौम्य साबणाने तोंड धुवावे. फार घाम आला तर आणखी एकदा धुवावे. हाताच्या बोटांनी हळू धुवावे. दगडाने, काथ्याने, खरखरीत टॉवेलने घासू नये. धुतल्यावर टिपून घ्यावे.

डोक्याला तेल चोपडून लावू नये. तेल कपाळावर ओघळले, की तिथे पुटकुळ्या येतात. तेल लावलेच तर केस मागे बांधावेत. उशीचा अभ्रा आणि टॉवेल वरचेवर धुवावेत.

लिंबू, खाण्याचा सोडा, चुना, राख, टूथपेस्ट यांतले काही तोंडाला लावू नये. यांनी कातडी भाजते. भाजल्याचे काळे डाग मुरुमापेक्षा जास्त दिवस राहतात.

दाढी करणाऱ्या मुलांनी पाते स्वच्छ ठेवावे. आधी दाढी चांगली भिजवावी. केस ज्या दिशेने वाढतात, त्याच दिशेने पाते फिरवावे.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे मुरूम फोडू नये. नखाने दाबला, की थोडा पू बाहेर येतो आणि बाकीचा आत जातो. सूज वाढते. खड्डा पडतो. तो खड्डा जन्मभर राहू शकतो. नाकाजवळचा आणि वरच्या ओठावरचा मुरूम तर मुळीच दाबू नये. तिथल्या रक्ताच्या शिरा आत डोक्याकडे जातात. क्वचित का होईना, पण तिथले विष मेंदूपर्यंत गेल्याची उदाहरणे आहेत.

औषध कोणते?

थोडे मुरूम असतील, तर डॉक्टर लावायचे औषध देतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड हे त्यांतले एक. ते जंतू कमी करते. सुरुवातीला ते कमी ताकदीचे घेतात. त्याने कातडी थोडी कोरडी पडते. हे औषध कापडाचा रंग घालवते. म्हणून ते लावून रंगीत ओढणी तोंडावर घेऊ नये. पांढरा टॉवेल वापरावा.

दुसरे औषध अडॅपलीन. ते भोकांतला बोळा सोडवते. रात्री झोपताना सगळ्या तोंडाला मिळून वाटाण्याएवढे पुरते. जास्त लावले तर लवकर गुण येत नाही, आगच जास्त होते. गरोदर बाईने हे लावू नये.

मुरूम मोठे असतील, पू फार असेल, तर डॉक्टर काही आठवडे पोटातून गोळ्या देतात. त्या सांगितल्या तेवढेच दिवस घ्याव्यात. दुसऱ्याच्या गोळ्या आपण घेऊ नयेत. आयसोट्रेटिनॉइन नावाची एक गोळी फार गुणकारी आहे, पण तितकीच जपून घ्यावी लागते. ती घेताना दिवस गेले, तर पोटातल्या बाळात मोठे व्यंग येते. म्हणून ती चालू असताना आणि बंद केल्यावरही निदान एक महिना दिवस जाऊ देऊ नयेत. ही गोळी डॉक्टरच्या नजरेखालीच घ्यायची असते.

कोणतेही औषध चार दिवसांत गुण देत नाही. आठ ते बारा आठवडे लागतात. पेरले की दुसऱ्या दिवशी कणीस येत नाही. तसेच हे आहे. जे औषध चार दिवसांत चमत्कार दाखवते, त्याचाच संशय धरावा.

डॉक्टरकडे कधी जावे?

गाठीसारखे, दुखणारे मुरूम येत असतील तर जावे. खड्डे पडू लागले तर जावे. मुलीची पाळी वेळेवर येत नसेल आणि हनुवटीवर राठ केस येत असतील, तर जरूर जावे. तेव्हा दुखणे तोंडावर दिसले, तरी त्याचे मूळ आत असू शकते. कातडीवर फिकट किंवा तांबूस चट्टा आला आणि तिथे टोचलेले कळत नसेल, तर तो मुरूम नव्हे. तो कुष्ठरोगाचा चट्टा असू शकतो. तो औषधाने पूर्ण बरा होतो, पण उशीर करू नये.

आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. गरज पडली तर तिथून सोलापूरला मोठ्या सरकारी रुग्णालयात कातडीच्या डॉक्टरकडे पाठवतात.

आणखी एक. मुरुमांपायी मूल जेवत नाही, बोलत नाही, घराबाहेर पडत नाही, असे दिसले तर त्याला हसू नका. "एवढ्याशा पुळीचं काय घेऊन बसलीस?" असेही म्हणू नका. तुम्हांला ती एवढीशी दिसते. त्याला ती आरशात डोंगराएवढी दिसते. हेही डॉक्टरला सांगा.

आक्का पुन्हा कॉलेजला

दवाखान्यातून निघताना आक्काने विचारले, "बाई, तोंड साफ व्हायला तीन म्हैने लागतील. तवर मी घरीच ऱ्हाऊ का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध तोंडाला लावायचंय. पायाला तर काही झालेलं नाही. उद्या कॉलेजला जा."

आई म्हणाली, "मी येते तुझ्यासंगं स्टँडपातूर."

दुसऱ्या दिवशी मायलेकी एस.टी.ने कुर्डुवाडीला आल्या. आक्काने ओढणी तोंडावरून खाली घेतली आणि ती कॉलेजच्या रस्त्याला लागली. एक पोरगा हसलाच. आक्का थांबली. त्याच्या हनुवटीवरही दोन पुटकुळ्या होत्या, आणि एक त्याने नखाने फोडली होती.

आक्का म्हणाली, "फोडू नगंस. खड्डा पडतो. सरकारी दवाखान्यात जा, औषध मिळतं."

पोरगा वरमला. दोन दिवसांनी त्याने हळूच विचारले, "दवाखाना किती वाजता उघडतो गं?"

पहिल्या महिन्यात आक्काला त्रासच झाला. ट्यूब सोडल्यामुळे तोंड लाल व्हायचे. दुसऱ्या महिन्यात आग थांबली. तिसऱ्या महिन्यात नवे मुरूम कमी झाले. काही डाग अजून आहेत. ते हळूहळू जातील. पण त्या तीन महिन्यांत आक्काचा कॉलेजचा एक दिवसही बुडाला नाही.

एवढे ध्यानात ठेवा

१. मुरूम हा वयाचा विकार आहे. त्यात लाज नाही, दोष नाही.
२. मुरूम फोडू नका, घासू नका.
३. तांबडी रेघ असलेले औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका.
४. नाव, पत्ता आणि तारीख नसलेली डबी घरात आणू नका.
५. खऱ्या औषधाला आठ ते बारा आठवडे द्या.
६. मुरुमांपायी शाळा-कॉलेज सोडू नका.

नवे शब्द

संप्रेरके – शरीरात तयार होणारे व रक्तातून फिरणारे रस
मूत्रपिंड – रक्त गाळून लघवी तयार करणारा अवयव
व्यंग – शरीरातला दोष
वेष्टन – वस्तूवरचा कागद किंवा खोके

सांगा पाहू

१. तळहाताला मुरूम का येत नाही?
२. आक्काच्या आईने ट्यूबवर काय पाहिले?
३. अकोल्याच्या क्रीममध्ये काय निघाले? त्याने काय झाले?
४. तुमच्या घरातली मलमे आणि डब्या बाहेर काढा. कोणावर तांबडी रेघ आहे? कोणाची मुदत संपली आहे? वहीत लिहा.